डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेलंय! (गाडी दादाची आहे)

वेंधळी_मी | शनिवार, सकाळी ११:०६

लोकहो, तातडीने मदत हवी आहे. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर नंतर हलवा, आत्ता शाळा घेऊ नका.

माझी स्वतःची गाडी पेट्रोलची. आज दादाची डिझेल गाडी घेऊन निघाले होते. पंपावर हाताला सवयीचं नोझल लागलं ते उचललं. घाई नव्हती, कुणाशी बोलत नव्हते, हात आपोआप तिकडे गेला एवढंच. पावती बघितली तेव्हा कळलं. १८ लिटर पेट्रोल गेलंय. टाकी ५० लिटरची, आत आधीचं दहाएक लिटर डिझेल असावं.

गाडी पंपाच्या बाहेर कडेला उभी आहे. चालू केलेली नाही.

१. शेजारचे एक काका म्हणतायत, वरून डिझेलने टाकी फुल्ल करा, काही होत नाही. करू का?
२. नाही तर नक्की काय करू?
३. दादाला आत्ता सांगू की निस्तरल्यावर?

उगाचच_आलो | ११:०९

तिसऱ्या प्रश्नासाठी आलोय. पहिले दोन तज्ज्ञांना सोडले.

नटबोल्ट | ११:१३

ताई, किल्लीला हात लावू नका. "चालू नाही केली" एवढं पुरत नाही, नुसतं इग्निशनही ऑन करायचं नाही. बऱ्याच गाड्यांत टाकीच्या आत एक विजेवर चालणारा छोटा पंप असतो. किल्ली ऑनवर गेली की इंजिन बंद असलं तरी तो लगेच इंधन पुढे ढकलायला लागतो. काही नव्या गाड्यांत तर दार उघडलं तरी त्याची घरघर ऐकू येते. पेट्रोल टाकीतच राहिलं तर काम टाकी रिकामी करण्यावर निभावतं. पुढे गेलं की खर्चाचं शेपूट वाढत जातं.

काकांचा सल्ला: १० डिझेल, १८ पेट्रोल, वर २२ डिझेल घाला. ५० मध्ये १८, म्हणजे ३६ टक्के पेट्रोल. एवढ्यावर आजची डिझेल गाडी चालवायची नाही. शिवाय भरलेलं २२ लिटर चांगलं डिझेलही वाया जाईल.

आता करायचं काय: टो करणाऱ्याला बोलवा. फोनवरच सांगा की डिझेलमध्ये पेट्रोल गेलंय, बॅटरी डाउन नाही. नाही तर तो येऊन पहिल्यांदा स्टार्टच मारून बघेल. गाडी हलवायची झाली तर न्यूट्रलला टाकून धक्का. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा लागतो आणि स्टिअरिंग जड होतं, उतारावर हा उद्योग करू नका. आणि ढकलून चालू करायची तर अजिबातच नाही.

मी वीस वर्षं हेच निस्तरतोय, म्हणून थोडं जोरात बोललो.

उंटावरचा_शहाणा | ११:१९

एवढं घाबरवू नका हो तिला. आमच्या जुन्या जीपमध्ये एकदा जवळजवळ अर्धी टाकी पेट्रोल गेलं होतं. धूर काढत, खोकत खोकत घरी आली. पुढे बारा वर्षं चालली. कडाक्याच्या थंडीत डिझेल गोठू नये म्हणून थोडं रॉकेल किंवा पेट्रोल मिसळा असं जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांत छापलेलं असायचं. मी स्वतः वाचलंय.

नटबोल्ट | ११:२४

@उंटावरचा_शहाणा, पुस्तिकेचं खरं आहे. जीपचंही खरं असणार. पण तुमच्या जीपचा पंप बहुधा इन-लाइन जातीचा, त्याला वंगण इंजिन ऑइलचं मिळायचं. प्रेशरही आजच्या मानाने किरकोळ.

आजच्या कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरना, म्हणजे इंधन फवारणाऱ्या तोट्यांना, एकाच जाड नळीतून इंधन मिळतं, ती नळी म्हणजे रेल) हाय प्रेशर पंप १६०० ते २००० बार आणि काहींत त्याच्याही वर प्रेशर तयार करतो. तुमच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतं, म्हणजे बघा. या पंपाला वेगळं ऑइल नसतं, त्याचं वंगण म्हणजे डिझेलच. पेट्रोल हे वंगण नाही, ते धुऊन काढणारं द्रावण आहे. हाताचं ग्रीस आपण पेट्रोलनेच काढतो ना? तेच आत होतं. ओशट थर गेला की धातूवर धातू घासतो, बारीक कीस सुटतो. तो कीस रेलमध्ये जातो, इंजेक्टरमध्ये जातो, आणि रिटर्नच्या नळीतून फिरून टाकीत येतो. मग पंप, रेल, इंजेक्टर, नळ्या सगळं बदलून टाकी धुवायची. एका चांगल्या डॉक्टरला हे बिल देताना बघितलंय. त्यांचा चेहरा पेशंटसारखा झाला होता.

तुमच्या त्या पुस्तिकेतली ओळ आताच्या पुस्तिकेत शोधा. सापडेल ती नेमकी उलटी.

सुईदोरा | ११:३०

मला एक बावळट शंका. पेट्रोल तर डिझेलपेक्षा भडकन पेटतं. मग डिझेल इंजिनात गेल्यावर गाडी उलट जोरात पळायला हवी. बंद का पडते?

उगाचच_आलो | ११:३१

प्रश्न बावळट नाही. मला विचारायचं धाडस नव्हतं.

रसायनी | ११:४२

सुईदोरा, पेटणं दोन तऱ्हेचं असतं आणि इथे नेमकं तिथेच फसायला होतं.

एक, ठिणगी दाखवल्यावर पेटणं. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही ठिणगीने पेटते. डिझेल साधारण ५० अंशांच्या पुढे तापल्याशिवाय तेवढी वाफ सोडत नाही, म्हणून त्यात जळती काडी टाकली तर बहुतेक वेळा विझते (करून बघू नका!).

दुसरं, ठिणगीशिवाय नुसत्या उष्णतेने आपोआप पेटणं. इथे डाव उलटतो. डिझेल साधारण २१० अंशांना आपोआप पेटतं, पेट्रोलला २५०च्या वर जावं लागतं. शिवाय पेटायला ते जास्त वेळ घेतं. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा म्हणजे तरी काय, "दाबाखाली आपोआप न पेटण्याची ताकद". डिझेलचा सिटेन आकडा बरोबर त्याच्या विरुद्ध, किती पटकन आपोआप पेटतं त्याचं माप.

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतोच. हवा पंधरा ते वीस पट दाबून तापवतात आणि त्यात इंधन फवारतात. पेट्रोल फवारलं तर ते आधी ढिम्म बसतं आणि मग पेटलंच तर सगळं एकदम. म्हणून खडखडाट. नाही पेटलं तर न जळता मागून पांढरा धूर. म्हणजे जे इंधन पेट्रोलच्या इंजिनासाठी उत्तम, ते नेमकं त्याच गुणामुळे इथे निरुपयोगी.

आणखी एक. आजच्या डिझेलमधलं गंधक १०-१५ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०-१५ भाग) खाली आणलंय. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक ओशटपणाही बराचसा जातो, तो मग वेगळी रसायनं घालून परत द्यावा लागतो. म्हणजे मुळातच वंगण मोजकं. त्यात पेट्रोल ओतलं की नटबोल्ट म्हणतात तो कीस.

सुईदोरा | ११:४५

आता कळलं. शाळेत असं कुणी सांगितलं असतं तर मीही रसायनी झाले असते.

वेंधळी_मी | ११:५१

सगळ्यांचे आभार. टोवाला तासाभरात येतो म्हणालाय. काकांना नम्रपणे नाही म्हटलं, ते रागावून गेले.

नटबोल्टदादा, एक विचारायचं होतं. काटा आता निम्म्याच्या थोडा वर आलाय. तुम्ही म्हणताय तसं टाकी रिकामी करताना एवढं सगळं इंधन टाकूनच द्यावं लागेल का? त्यातलं पेट्रोल वेगळं नाही का काढता येणार?

तिरकी_चाल | ११:५३

पेट्रोल हलकं असतं. म्हणजे वर तरंगत असणार. वरच्यावर नळीने ओढून घ्या, खाली डिझेल शिल्लक. हाय काय नाय काय.

रसायनी | ११:५६

नाही हो. हलकं असतं हे खरं, पण दोन्ही एकाच जातकुळीची तेलं. तेल आणि पाण्यासारखी वेगळी राहत नाहीत, एकमेकांत पूर्ण मिसळतात. १८ लिटर नोझलच्या धारेने आत गेलं, तेव्हाच मिश्रण झालं.

नटबोल्ट | ११:५८

ताई, काटा वर आलेला तुम्ही कधी बघितला?

वेंधळी_मी | १२:०४

...

उगाचच_आलो | १२:०५

हे टिंब टिंब टिंब मला ओळखीचं वाटतंय.

नटबोल्ट | १२:०७

रागवत नाही. पण किल्ली ऑन झाल्याशिवाय बहुतेक गाड्यांत काटा चढत नाही. आणि गाडी पंपाच्या बाहेर कडेला आहे असं तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. तिला पाय फुटले नसणार.

वेंधळी_मी | १२:१२

बरं, सांगते. मागे रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. तेव्हा पावती बघितली नव्हती. चालू केली, पंपाच्या बाहेर आणली, कडेला लावून पावती बघितली आणि लगेच बंद केली. सगळं मिळून दीड मिनिट. जास्तीत जास्त. नंतर पुन्हा एकदा किल्ली फिरवली, फक्त काटा बघायला. इंजिन चालू नाही केलं.

"चालू केलेली नाही" असं लिहिलं कारण लिहिताना तसंच वाटावंसं वाटत होतं. माफ करा.

नटबोल्ट | १२:२१

माफी कसली, दहातले नऊ गिऱ्हाईक असंच सांगतात. "किल्लीला हात नाही लावला, शपथ." मग फिल्टर उघडला की त्यातून पेट्रोलचा वास येतो.

घाबरू नका. दीड मिनिट मंद चालली म्हणजे नळ्यांत आणि फिल्टरमध्ये जे आधीचं डिझेल होतं त्यावरच बराचसा वेळ निभावला असेल. म्हणूनच गाडी सुरळीत चालल्यासारखी वाटते आणि माणूस निर्धास्त होऊन पुढे जातो. पाच-सात किलोमीटरवर दम जातो तेव्हा पेट्रोल पुढे पोचलेलं असतं. तुम्ही वेळेत थांबलात.

फक्त हे सगळं गॅरेजमध्ये जसंच्या तसं सांगा. किती लिटर, किती वेळ चालली, किती वेळा किल्ली फिरवली. तुम्ही "चालूच नव्हती" म्हणालात तर तो फक्त टाकी उपसून देईल. खरं सांगितलंत तर नळ्याही धुईल, फिल्टर बदलेल आणि जुना फिल्टर कापून आत चमचम दिसते का ते बघेल. चमचम नाही म्हणजे कीस सुटलेला नाही. तो कापलेला फिल्टर तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या.

मधली_सीट | १२:२६

माझा अनुभव उलटा. पेट्रोलच्या बाइकमध्ये डिझेल. बाइकच्या टाकीचं तोंड चांगलं ऐसपैस, नोझल कुठलंही जातं. पाचेकशे मीटर गेली, मग फटफट, पांढराशुभ्र धूर. मागचा दुचाकीवाला धुरात दिसेनासा झाला, फक्त त्याच्या शिव्या ऐकू येत होत्या. टाकी रिकामी केली, कार्ब्युरेटर साफ केला, प्लग काळाकुट्ट झाला होता तो बदलला. एका दुपारचं काम. पेट्रोल गाडीत डिझेल गेलं तर एवढं गंभीर नसतं, बरोबर ना?

नटबोल्ट | १२:३३

बऱ्यापैकी बरोबर. घासाघाशीचा प्रश्न नसतो, कारण डिझेल ओशटच. प्लग खराब होतात, गाडी चालूच होत नाही किंवा मिसिंग करते. पण तशीच रेटत नेली तर न जळलेलं डिझेल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) जातं, आणि ती वस्तू स्वस्त नाही. सिलिंडरमधून खाली झिरपून इंजिन ऑइल पातळ झालं का तेही बघावं लागतं. बाइकला सुटका स्वस्तात, नव्या कारला दर वेळी नाही.

तिरकी_चाल | १२:३५

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

चालक_मालक | १२:४१

पेट्रोल कारमध्ये डिझेल जाणं तसं अवघडच. डिझेलचं नोझल साधारण २५ मिलिमीटर जाड, पेट्रोलचं २१च्या आसपास. पेट्रोल कारच्या टाकीची मान अरुंद, डिझेलचं त्यात शिरतच नाही. उलट मात्र बिनधास्त शिरतं. म्हणून रडणारे जास्त करून डिझेलवालेच.

या मापांची गोष्ट मजेशीर आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या गाड्या आल्या. शिसं घातलेलं पेट्रोल गेलं तर कन्व्हर्टर मरायचा. म्हणून बिनशिशाच्या पेट्रोलचं नोझल बारीक केलं आणि नव्या गाड्यांची मानही. जाड नोझल आत जाऊच नये म्हणून. आता शिशाचं पेट्रोल गेलं, पण ती बारीक मान राहिली. काही नव्या डिझेल गाड्यांत याच्या उलट सोय असते. आत एक झडप असते, ती जाड नोझलने दोन्ही बाजूंनी दाबल्याशिवाय उघडतच नाही. दादाच्या गाडीत नव्हती वाटतं.

वेंधळी_मी | १२:४४

असती तर हा धागा नसता.

परदेशी_पाहुणी | १२:५२

रंगावर विसंबू नका, हा माझा धडा. ब्रिटनमध्ये हिरवं नोझल म्हणजे बिनशिशाचं पेट्रोल आणि काळं म्हणजे डिझेल. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी डिझेलचंच हँडल हिरवं. भाड्याची गाडी घेऊन फिरणाऱ्याने काय करावं? शब्दांचाही घोळ आहे. इटलीत "गॅसोलिओ" म्हणजे डिझेल आणि पेट्रोल म्हणजे "बेन्झिना". अमेरिकेतून आलेला माणूस "गॅसोलिन" समजून निवांत भरतो.

२०१८च्या ऑक्टोबरपासून युरोपीय संघात नव्या गाड्यांवर आणि पंपांवर सारखी चिन्हं लावतात. पेट्रोलला वर्तुळ, डिझेलला चौकोन, वायूला तिरपा चौकोन. झाकण उघडल्यावर आत बघायचं, पंपावर तसाच आकार शोधायचा. हे मला पटलं. भाषा येत नसली तरी वर्तुळ-चौकोन कळतात.

पंखा_नंबर_तीन | १:०३

अवांतर, पण विषयाला धरून. हा घोळ विमानातही होतो. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानाला लागतं ॲव्हगॅस, म्हणजे पेट्रोलचा भाऊ. जेट इंधन म्हणजे जवळजवळ रॉकेल. पिस्टनच्या विमानात रॉकेल भरलं तर उड्डाण करण्यापुरतं नळीतलं चांगलं इंधन पुरतं आणि इंजिन हवेत बंद पडतं. नटबोल्ट यांनी वर दीड मिनिटाचं सांगितलं, तेच, फक्त कडेला थांबायची सोय नाही.

बॉब हूवर नावाचा नामांकित अमेरिकन वैमानिक होता. त्याच्या दोन इंजिनांच्या विमानात असंच जेट इंधन भरलं गेलं. उड्डाणानंतर दोन्ही इंजिनं गेली. त्याने विमान कसंबसं खाली टेकवलं, सगळे वाचले. परत आल्यावर इंधन भरणारा पोरगा रडत उभा होता. हूवर त्याला म्हणाला, उद्या माझ्या दुसऱ्या विमानात इंधन तूच भरायचंस, कारण ही चूक तू पुन्हा करणार नाहीस याची मला खात्री आहे. पुढे जेट इंधनाचं नोझल चपटं आणि रुंद केलं, पिस्टनच्या विमानाच्या तोंडात ते शिरू नये म्हणून. त्याला हूवर नोझलच म्हणतात.

सुईदोरा | १:०६

वेंधळी_मी, ही गोष्ट दादाला आधी वाचायला द्या आणि मग फोन करा.

उंटावरचा_शहाणा | १:१२

सगळं मान्य. पण थोडंसं गेलं तर? समजा ६० लिटरच्या टाकीत दोन लिटर पेट्रोल गेलं, लक्षात आलं, हात थांबवला. वर डिझेल भरून घेतलं. तीन-साडेतीन टक्के. यालाही टाकी उपसायची का? हे मला अति वाटतं.

नटबोल्ट | १:१८

कंपन्यांच्या पुस्तिका म्हणतात, उपसा. मी गिऱ्हाइकाला तेच सांगतो, कारण पुढे पंप गेला तर ते माझ्याकडे बोट दाखवणार.

चालक_मालक | १:२०

आणि स्वतःच्या गाडीला?

नटबोल्ट | १:२९

स्वतःच्या गाडीत दोन लिटर गेलं होतं. उपसलं. पंपाची किंमत मला पाठ आहे.

उंटावरचा_शहाणा | १:३१

मी नसतं उपसलं. असो, हा मतभेद राहू दे.

जुनी_डायरी | १:४०

ज्यांना घरीच टाकी उपसायचा मोह होतोय त्यांच्यासाठी. नळी लावून तोंडाने ओढू नका. मी ओढलं होतं, चौदा वर्षांचा असताना, वडिलांच्या स्कूटरचं. एक घोट आत गेला. गिळलं तर पोटापेक्षा फुप्फुसाला जास्त धोका असतो, श्वासनळीत गेलं तर आतून रासायनिक सूज येते. अशा माणसाला उलटी करायला लावायची नसते, कारण परत वर येताना तेच पुन्हा फुप्फुसात जाऊ शकतं. सरळ दवाखाना. मी दोन रात्री खोकलो, वडील दोन रात्री बोलले नाहीत.

आणि आता बऱ्याच गाड्यांच्या टाकीच्या मानेत जाळी किंवा झडप असते, नळी आत जातच नाही. गॅरेजवाले आतल्या बाजूने पंपाच्या झाकणातून किंवा इंधनाची नळी सोडून काढतात.

रसायनी | १:४८

जुनी_डायरी यांना जोडून. पेट्रोल मिसळलेलं डिझेल हे आगीच्या हिशेबात डिझेल राहत नाही. थोड्याशा पेट्रोलनेही ठिणगीने पेटण्याचं तापमान धाडकन खाली येतं. तेव्हा त्याला पेट्रोलसारखंच वागवायचं. घराच्या बंद गॅरेजमध्ये, प्लॅस्टिकच्या उघड्या बादलीत, जवळ दिवा किंवा हीटर, असलं काही नको. प्लॅस्टिकमध्ये ओतताना स्थिर वीज साठून ठिणगी पडू शकते. गटारात तर ओतायचंच नाही, वाफ गटारभर पसरते.

मधली_सीट | १:५२

मग त्या २८ लिटरचं करायचं काय?

नटबोल्ट | १:५७

गॅरेजमध्ये ड्रम असतो, घातक कचरा म्हणून तो घेणारा येतो. "टाका दुसऱ्या गाडीत थोडं थोडं" असं सांगणारे भेटतील. त्यांच्याकडे गाडी देऊ नका.

तिरकी_चाल | २:०१

डिझेलही गेलं, पेट्रोलही गेलं, हाती पावती आली. (दिवा घ्या, म्हणजे गंमतीत घ्या.)

चालक_मालक | २:०६

हसू नका, पावती महत्त्वाची. कुठलं इंधन, किती लिटर, किती वाजता, सगळं त्यावर असतं. भरणारा दुसरा असता आणि चूक त्याची असती तर वाद तिथेच उभं राहून, पावती हातात ठेवून घालावा लागतो. गाडी हलली की "तुम्हीच पेट्रोल म्हणालात" हे सुरू होतं. विमा असेल तर पॉलिसीत चुकीच्या इंधनाचा उल्लेख शोधा. काहींत हे सरळ वगळलेलं असतं, काहींत वेगळं कलम घ्यावं लागतं. वॉरंटीकडून फार आशा नको, हा गाडीचा दोष नाही.

सुईदोरा | २:१०

समजा कुणाला नक्की आठवतच नाहीये काय भरलं, पावतीही नाही. घरी ओळखायची काही युक्ती?

जुनी_डायरी | २:१५

पांढऱ्या कागदावर एक थेंब. पेट्रोल काही मिनिटांत उडून जातं, कागद कोरा होतो. डिझेलचा तेलकट डाग तसाच राहतो. मिश्रण असेल तर डाग राहणारच, तेव्हा वासावर जावं लागतं. पक्कं उत्तर नाही, अंदाज येतो.

वेंधळी_मी | संध्याकाळी ७:३८

आले परत. टो झालं, गॅरेज झालं.

तिथल्या माणसाला पहिल्या वाक्यात सगळं सांगितलं. १८ लिटर, दीड मिनिट, दोनदा किल्ली. तो हसला आणि म्हणाला, "एवढं सविस्तर कुणी सांगत नाही." टाकी उपसली, नळ्या धुतल्या, फिल्टर बदलला. जुना फिल्टर माझ्यासमोर कापला. आतला कागद टॉर्चने बघितला, घडी न घडी उलगडून. चमचम नव्हती. पेट्रोलचा वास मात्र येत होता, म्हणजे तिथपर्यंत पोचलं होतं! नवं डिझेल घालून इंजिन सुरू व्हायला जरा वेळ लागला, नळ्यांत हवा शिरली होती ती काढावी लागली. मग नीट चालली. थोडे दिवस आवाजावर आणि दम कमी होतो का यावर लक्ष ठेवा म्हणालाय. खर्चाचा आकडा लिहीत नाही, पण नटबोल्टदादांनी सांगितलेल्या शेपटापेक्षा खूपच कमी.

दादाला गॅरेजमधूनच फोन केला. तो आधी गप्प झाला, तेच वाईट होतं. मग म्हणाला, कापलेला फिल्टर घेऊन ये, मला बघायचाय. आता तो फिल्टर त्याच्या टेबलावर आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला जातोय. झाकणाच्या आत त्याने स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत "डिझेल" लिहून चिकटवलंय. खाली बारीक अक्षरांत माझं नाव.

उगाचच_आलो | ७:४१

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मी निघतो.

पंखा_नंबर_तीन | ७:५०

दादाला हूवर सांगितला का?

वेंधळी_मी | ७:५२

सांगितला. म्हणाला, त्याची स्वतःची दुसरी गाडी नाहीये.

---

नवखा_सारथी | तीन महिन्यांनी, रविवार सकाळी ८:२०

जुना धागा वर काढतोय, माफी असावी. माझी अडचण थोडी वेगळी. गाडी डिझेलची, तिला डीईएफ लागतं, तेच ॲडब्लू, धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत घालतात ते. निळं झाकण आणि काळं झाकण शेजारी शेजारी आहेत. मी कॅनमधून ओतत होतो आणि काळ्यात ओतलं. चारेक लिटर डिझेलच्या टाकीत गेलंय. हे तर पाण्यासारखंच असतं ना? वर डिझेल भरपूर आहे.

रसायनी | ८:३४

पाण्यासारखं असतं तेच वाईट. त्यात ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध केलेलं पाणी. डिझेलमध्ये मिसळत नाही आणि डिझेलपेक्षा जड आहे, म्हणून थेट तळाला जातं. टाकीतला पंप तळातूनच ओढतो. म्हणजे "वर डिझेल भरपूर" असल्याचा काही उपयोग नाही, पहिला घोट युरियाचाच. पाणी उडालं की मागे पांढरे खडे उरतात, ते बारीक भोकांत अडकतात, आणि लोखंड-तांब्याला ते गंजवतं. पेट्रोलपेक्षा हे वाईट. चार लिटर सोडाच, वाटीभर गेलं तरी टाकी उतरवून धुवायला हवी.

मधली_सीट | ८:३७

आणि उलटं झालं तर? डीईएफच्या टाकीत डिझेल?

रसायनी | ८:४१

तेही वाईट. तिथे डिझेल वर तरंगतं आणि रबरी सील खराब करतं. पण यांचं आधी बघू.

नटबोल्ट | ८:४६

नवखा_सारथी, किल्ली फिरवली का?

नवखा_सारथी | ८:४७

नाही.

नटबोल्ट | ८:४८

नक्की?

वेंधळी_मी | ८:४९

सांगून टाका हो. ते काट्यावरून ओळखतात.

नवखा_सारथी | ८:५५

एकदाच. अर्ध्यापर्यंत.